काळ्या कातळापाशी एक खटका

बालिक्चीला, आमच्या गावी, खिंडीतून वारा सुटला की गॅरेजचं पत्र्याचं दार मी आतून दोरीने बांधून घेतो आणि मगच मल्टीमीटर हातात धरतो. दार आपटत असलं की माझं लक्ष लागत नाही. गाडीची वीज हा माझा धंदा. इंजिन, गिअर, रंगकाम मी करत नाही. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी करत नाही. विजेचं काम मला आवडतं, कारण तिथे कोणाच्या मताला किंमत नसते. तार जोडलेली असते, नाहीतर तुटलेली असते.

आमच्याकडे कोरी गाडी घेणारा विरळाच. जपान, कोरिया, जर्मनी, कुठकुठच्या लोकांनी वापरून सोडलेल्या गाड्या फिरत फिरत आमच्या किर्गिझ रस्त्यांवर येतात. त्यांच्या सीटखाली मला परदेशी नाणी सापडतात, लहान मुलींच्या केसांच्या पिना सापडतात, कोणाच्या तरी चष्म्याची काडी सापडते. ती माणसं कोण होती, त्यांनी गाडी का विकली, हे कोणी विचारत नाही. नव्या मालकाने मेंढी कापायची, चाकाला रक्ताचं बोट लावायचं, आत धुरी फिरवायची, की गाडी आपली झाली.

माझा मेहुणा एर्मेक याने अशीच एक गाडी घेतली. कॅनडाहून आलेली, स्टिअरिंग डावीकडे असलेली, राखाडी रंगाची, सात माणसं बसतील अशी. बालिक्ची ते राजधानी बिश्केक अशी माणसं भरून तो ती चालवायचा, पण ती घेतली होती ती आईसाठी. तिला आम्ही सगळेच आपा म्हणायचो. आपा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि एक दिवसाआड बिश्केकला नेऊन, मशीनला जोडून रक्त साफ करून आणावं लागे. गावातल्या मशीनवर नंबर लागत नव्हता. एर्मेकच्या जुन्या गाडीत धक्के खाऊन त्या घरी यायच्या तेव्हा ओठ निळे पडलेले असायचे. या गाडीत मागच्या सीटवर त्यांना आडवं होता यायचं. ही गाडी बंद पडली तर आपा बंद पडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तोंडाने कोणी बोलत नव्हतं.

त्या गाडीची तक्रार मात्र अगदी किरकोळ होती. कॅनडात म्हणे भर दिवसासुद्धा दिवे लावून गाडी चालवतात, म्हणून तिकडच्या गाडीत ती सोय मुळातच असते. इंजिन चालू केलं आणि हँडब्रेक खाली सोडला की पुढचे दोन दिवे आपोआप लागतात. त्यांना बटण नसतं. ते विझवायचे तर एकच उपाय, हँडब्रेक एक खटका वर ओढायचा.

एप्रिलमधल्या एका सकाळी एर्मेक फटीतून हात घालून, दाराची दोरी सोडून आत आला.

"दाजी, तुमचा मेहुणा भर दिवसा चोर ठरला."

"चोर तर तू आधीपासूनच आहेस. माझी पक्कड कुठाय?"

"पक्कड राहू द्या हो. काल परत येताना पोलिसाने धरलं. म्हणे दिवे बंद आहेत, हायवेला दिवसाही लावायचा नियम आहे. उतरून बघतो तर दिवे चालू! तो म्हणतो, आत्ता लावलेस. मी म्हणतो, अरे बाबा, या गाडीला बटणच नाही, लावू कशाने? ऐकतोय कोण."

बाहेर गाडीत पुढच्या सीटवर आपा बसल्या होत्या. डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर पावाची पिशवी. मला बघून त्यांनी काच खाली केली.

"जावईबापू, त्याला रागावू नका. गाडी नवीन आहे. अजून तिची नि आपली ओळख व्हायचीय."

"आपा, गाडीला ओळख नसते. तिला फ्यूज असतो."

"असेल बाई," असं म्हणून त्या हसल्या. त्यांचं हसणं तेव्हाही चांगलं खणखणीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी आत घेतली. दोन्ही बल्ब काढून पाहिले. फ्यूज पाहिले. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं, तो गरम करून पाहिला, गार करून पाहिला. बॅटरीची अर्थिंगची तार खरवडून पुन्हा आवळली. इंजिन चालू ठेवून वायरिंगची जुडी बोटाबोटाने हलवली. दिवे एकदाही लुकलुकले नाहीत. हँडब्रेकखालचा स्विचही ठाकठीक होता, खटक्याला खटका. फक्त डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा जळून गेलेला सापडला, तो बदलला.

तेवढ्यात हँडब्रेकच्या दांड्याकडे लक्ष गेलं. त्याला काळ्या चामड्याचं वेष्टण होतं. ड्रायव्हरच्या बाजूने ते हात लागून लागून गुळगुळीत झालेलं, तसं ते होतंच. पण पलीकडच्या, शेजारी बसणाऱ्याच्या बाजूने त्यावर ओरखडे होते. बारीक, खोल, एकाशेजारी एक. आधीच्या मालकाकडे मांजर असणार, असं म्हणून मी दार लावलं.

आठवड्याभराने एर्मेक पुन्हा आला. या वेळी तो पक्कड घेऊन आला आणि न मागता जागेवर ठेवली. तेव्हाच मला बरं वाटलं नाही.

"दाजी, दिवे कुठे जातात ते कळलं. काळ्या कातळापाशी."

बिश्केकहून येताना खिंडीत लाल पूल लागतो. त्याच्यापुढे चू नदी रस्त्याला अगदी खेटून वाहते आणि एका वळणावर मोठा काळा कातळ रस्त्यावर झुकलेला आहे. त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तो ओळखतो.

"जातानाही?"

"जाताना कधीच नाही. येताना दर वेळी. तुम्ही तो लाल दिवा बदललात ना, तो लागतो. बघतो तर हँडब्रेक एक खटका वर."

"मग ओढतं कोण?"

त्याने वाऱ्याने थरथरणाऱ्या दाराकडे पाहिलं. "पुढे बसलेला असतो तो."

"मग त्याला दोन शिव्या घाल."

"झोपलेला असतो, दाजी. कोणीही असो. परवा एक मेंढ्यांचा व्यापारी होता, लाल पुलापर्यंत माझं डोकं खात होता. पूल गेला आणि माणूस गाढ झोपला. मग डावा हात खाली येतो, सावकाश. दांडा धरतो. खट्. कातळ मागे पडला की हात दांडा खाली सोडतो, माणसं डोळे उघडतात आणि विचारतात, रस्त्याकडेच्या मासेवाल्या बायका आल्या का? त्यांना काही आठवतच नाही."

मी हसलो. तो हसला नाही.

तुम्ही म्हणाल, इथेच हा माणूस घाबरला असेल. घाबरलो नव्हतो, वैतागलो होतो. विजेच्या कामात गिऱ्हाईक गोष्ट सांगायला लागलं की समजावं, बघायचं ते त्याने बघितलेलं नाही. मी म्हटलं, उद्या मी येतो, पुढच्या सीटवर मी बसतो.

बिश्केकला आपा मशीनवर होत्या तोवर मी कडक चहा प्यायलो, वर पुन्हा प्यायलो. निघताना डॅशबोर्डवर माझा टेस्ट लॅम्प चिकटवला, त्याची तार हँडब्रेकच्या स्विचला जोडली, दांडा वर आला की लागेल अशी. मागच्या सीटवर आपा आडव्या झाल्या. मधल्या सीटवर एक बाई आणि तिचा लहान मुलगा. मी पुढे बसलो, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले आणि चेन वर ओढली.

मी एकदाही डोळा मिटला नाही. हे मी आजही कोणासमोरही सांगेन. लख्ख ऊन होतं. लाल पूल गेला. पलीकडच्या काठाने रेल्वेचे रूळ चाललेले दिसत होते. पुढे एक दुधाचा टँकर चालला होता, त्याच्या चकचकीत पाठीवर आमचे दोन पांढरे दिवे मला स्वच्छ दिसत होते. काळा कातळ आला आणि गेला. टेस्ट लॅम्प लागला नाही. दिवे विझले नाहीत.

"बघितलंस?" मी म्हटलं. "काही झालं का?"

मासेवाल्या बायका बसतात तिथे एर्मेकने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी मागे वळून पाहिलं. त्या बाईने मुलाला मांडीवर ओढून घेतलं होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी हाक मारली तुम्हाला, जावईबापू," मागून आपा म्हणाल्या. "चांगली मोठ्याने मारली."

"कधी?"

"दाजी," एर्मेक म्हणाला, "हात बघा तुमचा."

जाकिटाची चेन खाली होती. डावा हात माझ्या मांडीवर पडला होता आणि बोटं सांधेदुखी झाल्यासारखी ठणकत होती. चारही नखांत काळ्या चामड्याचा भुगा होता. टेस्ट लॅम्प पायाशी पडला होता, त्याची तार ताणून तुटलेली.

घरी येऊन मी साबणाने हात धुतले आणि बुरुलला, माझ्या बायकोला, काहीच सांगितलं नाही. रात्रभर मी विचार करत राहिलो, आणि सकाळी एकदम उत्तर सापडलं. धूर! इंजिनाचा धूर कुठून तरी आत शिरत असणार, आणि पुढे बसणाऱ्याला गुंगी येत असणार. झोपेत माणूस काय वाटेल ते करतो. गाडी वर चढवून पाहिली तर सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग खरंच चिरलेलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. नवं पॅकिंग घातलं, वर आतल्या जमिनीची भोकं बुजवली. गुंगी नेमकी त्या कातळापाशीच का यावी, आणि ड्रायव्हरला का येऊ नये, हे प्रश्न मी स्वतःला विचारले नाहीत. उत्तर सापडलेलं असताना प्रश्न कोण काढतं!

त्यानंतरच्याच फेरीत कोणा मास्तराने झोपेत हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला. गाडीची मागची चाकं घसरली आणि गाडी नदीच्या कडेला आडवी होऊन थांबली. आपांच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती बातमी स्टँडवर पसरायला वेळ लागला नाही. एर्मेकच्या गाडीत पुढे बसायला कोणी तयार होईना, आणि पुढची सीट रिकामी ठेवतो म्हटलं तर मागेही कोणी बसेना.

त्या दिवशी आम्ही आपांच्या घरी चहाला बसलो होतो. एर्मेकचा चेहरा पडलेला होता.

"विकून टाकतो," तो म्हणाला.

"आणि मला पाठीवर घेऊन जाणार का रे बिश्केकला?" आपा म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी स्विचची तार कापतो. दिवे विझायचे थांबतील."

"दिवे विझतात म्हणून निदान कळतं तरी," त्या म्हणाल्या. "तार कापू नका." त्यांनी पाव मोडून माझ्यापुढे ठेवला. "अरे, तुमच्या दोघांच्याही डोक्यात कसं येत नाही? कोणीतरी रस्त्यावर हात करून उभं आहे. रोज करतंय. आणि आपण रोज त्याच्या तोंडावरून गाडी घेऊन जातोय. तुझा बाप जन्मभर त्या रस्त्यावर ट्रक चालवत होता, एर्मेक. हात केलेल्या माणसाला कधी टाकून आला नाही तो. मला लाज वाटते."

"आपा, कोण माणूस? तिथे कोणी नसतं!"

"कुदायी कोनोक," आपा म्हणाल्या.

म्हणजे देवाने धाडलेला पाहुणा. आमच्याकडे दाराशी अनोळखी कोणी आला तर त्याला आत घ्यायचं, जेवू घालायचं, अंथरूण द्यायचं. नाव, गाव, काम विचारायचं नाही. विचारलं तर विचारणाऱ्याचीच नाचक्की. मीही याच रीतीत वाढलो. म्हणून तर ते ऐकल्यावर मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

पुढच्या फेरीला मी सोबत गेलो. परतताना गाडीत आम्ही तिघंच. एर्मेक गाडी चालवत होता, मी मधल्या सीटवर होतो, आणि आपांनी हट्टाने पुढची जागा घेतली होती. मशीनवरून उठलं की त्यांच्यात त्राण नसायचं, पण त्या दिवशी त्या ताठ बसल्या होत्या. दुपार होती. नदीचं पाणी हिरवंगार दिसत होतं.

लाल पूल गेल्यावर मी आपांचा चेहरा आरशात पाहत राहिलो. त्या झोपल्या नाहीत. कातळ दिसू लागला तशी त्यांनी मान वळवली, आणि ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण करतो तशी किंचित हलवली.

"थांबव," त्या म्हणाल्या.

एर्मेकने गाडी थांबवली. आपा दाराला धरून खाली उतरल्या. मी धावलो, तर त्यांनी मला हातानेच थोपवलं. पुढचं दार उघडं धरून त्या वाऱ्यात उभ्या राहिल्या, पांढरा रुमाल फडफडत होता.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "उशीर झाला आम्हाला. मनात ठेवू नकोस."

म्हाताऱ्या माणसाला चढून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या त्या थांबल्या. मग दार लावलं आणि मागे येऊन माझ्याशेजारी बसल्या.

गाडी उजव्या बाजूला थोडी खचली होती. वाऱ्याने, असं मी मनात म्हटलं.

एर्मेकने गाडी सुरू केली आणि लगेच टिंग टिंग आवाज यायला लागला. पुढच्या सीटवर कोणी पट्टा न बांधता बसलं की ही गाडी तसा आवाज करते. सीटखाली वजनाचा सेन्सर असतो. तो कसा चालतो ते मला माहीत होतं. सीट रिकामी होती.

"पट्टा बांध की त्याला," आपा म्हणाल्या.

एर्मेकने माझ्याकडे आरशात पाहिलं. मग वाकून त्याने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला.

रिकाम्या सीटवरचा पट्टा सीटच्या पाठीला चिकटून बसायला हवा. हा चिकटला नाही. सीटपासून वीतभर पुढे, मधल्या हवेवर, ताणलेला राहिला.

"कुठे उतरणार ते विचारू का?" एर्मेकने हळूच विचारलं. टॅक्सीवाल्याची सवय ती.

"देवाच्या पाहुण्याला विचारतात होय?" आपा त्याच्यावर खेकसल्या. "काही शिकवलं नाही का रे तुला मी?"

मासेवाल्या बायका मागे पडल्या. पोलीस उभा होता, त्याने आमच्या दिव्यांकडे पाहिलं आणि मान फिरवली. आपांनी खिडकीच्या काचेला डोकं टेकलं होतं. खिंड संपली, सरोवर दिसायला लागलं, आणि मला वाटायला लागलं की आता सगळं नीट होणार. असं वाटायला काही कारण नव्हतं, पण वाटलं खरं.

गावाच्या अलीकडे उतारावर कबरस्तान आहे. मातीचे घुमट, लोखंडी कमानी. तिथून जाताना कोणीही मेलेल्यांसाठी दुआ करत चेहऱ्यावरून हात फिरवल्याशिवाय जात नाही.

तिथे डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

खट्.

दांडा एक खटका वर आला होता. एर्मेकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"उतरायचंय त्याला!" एर्मेक म्हणाला. तो जवळजवळ हसत होता. "दाजी, त्याला इथे उतरायचंय! एवढंच होतं!"

तो उतरून पलीकडून गेला. दार उघडलं, पट्ट्याचा खटका दाबला. पट्टा सुर्रकन परत गेला. एर्मेक छातीवर हात ठेवून बाजूला उभा राहिला.

गाडी थोडी वर उठली.

मग आणखी थोडी उठली.

एर्मेकने दार लावलं. वाऱ्यात उभा राहून त्याने ओंजळ केली आणि चेहऱ्यावरून फिरवली. मीही फिरवली. मला रडू येत होतं, इतकं हलकं वाटत होतं.

"आपा, सुटलो," तो गाडीत बसत म्हणाला. "आता पुढे येऊन बस."

आपांचे हात मांडीवर होते. त्यांनी ते वर केलेच नव्हते.

मी त्यांचा हात धरला. तो ऊबदार होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अशा आजारात असंच होतं, त्रास झाला नसेल. मला ते पटतं. पटवून घ्यावंच लागतं. अंगणात तंबू उभा राहिला, पुरुषांनी काठीवर भार देऊन बाहेर आक्रोश केला, आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या. बुरुल सगळ्यात कमी रडली. आपा गाडीत गेल्या एवढंच आम्ही तिला सांगितलं. बाकीचं मी बोललो नाही आणि एर्मेकही बोलला नाही. आम्ही तसं ठरवलंही नव्हतं.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी एर्मेक गाडी घेऊन गॅरेजात आला आणि म्हणाला, "कापा ती तार." मी हँडब्रेकच्या स्विचची तार कापली. नुसती कापली नाही, मधला वीतभर तुकडा काढून टाकला, दोन्ही टोकांना टेप गुंडाळला. दिवे थेट इंजिनाला जोडले. आता इंजिन चालू आहे तोवर ते दिवे विझायचे तर बल्ब फुटायला हवेत. सीटखालचा सेन्सरही काढून कपाटात ठेवला. एर्मेक पुन्हा माणसं न्यायला लागला. काळ्या कातळापाशी आता काही होत नाही. पुढे बसलेली माणसं बडबड करत राहतात. एकदा मीच पुढे बसून आलो, जागा होतो, आणि एर्मेकनेही सांगितलं की मी जागा होतो.

गुरुवारी आमच्या बायका तेलात कणीक तळतात. मेलेल्यांना त्या वासाने घर सापडतं, असं मानतात. मी मानत नाही, पण तळलेलं खातो. त्या गुरुवारी एर्मेक बिश्केकहून परतला, स्टँडवर सगळी माणसं उतरवली आणि बुरुलने त्याला जेवायला बोलावलं होतं म्हणून वाटेत मला गॅरेजातून उचललं. मी मागे बसलो. पुढच्या सीटवर त्याची टोपी होती.

आमच्या गल्लीत वळलो तोवर ऊन चांगलं होतं. आमच्या निळ्या पत्र्याच्या फाटकावर गाडीचे दोन पांढरे दिवे पडले. तळणीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. एर्मेक काहीतरी सांगत होता, टायरांविषयी.

फाटकावरचे दोन्ही दिवे विझले.

इंजिन चालू होतं. दांडा एक खटका वर आला होता. टोपी सीटवरून खाली पडली होती. एर्मेकचे हात स्टिअरिंगवर होते आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

फाटक उघडून बुरुल बाहेर आली. बाह्या वर केलेल्या, हाताला पीठ. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ पुढच्या दाराशी आली, ते उघडलं आणि धरून उभी राहिली. म्हातारं माणूस उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

"सावकाश, आपा," ती म्हणाली.

मी मागून वाकून दार लावायला हात पुढे केला, तेवढ्यात दांडा आणखी एक खटका वर आला. बुरुलचं तिकडे लक्षही नव्हतं.

तिने दार लावलं नाही. ती थोडी मागे सरली, आणखी एकाला उतरायला जागा व्हावी इतकी, आणि डोक्यावरचा रुमाल परक्या माणसासमोर सारखा करतात तसा सारखा केला.